साडेसहा नंबरचा हात

कटिंगमास्तरांना तिच्याबद्दल खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. तिचा उजवा हात त्यांना पाठ होता, एवढंच. करंगळी किंचित आत वळलेली, अंगठ्याच्या मुळाशी सुई लागल्याची जुनी खूण. पण तिला कोणता रंग आवडायचा, तिने लग्न का केलं नाही, घरी गेल्यावर ती कोणाशी बोलायची, यातलं एकही त्यांना धड सांगता आलं नसतं. ती गेल्यानंतर तिची भाची कारखान्यात आली आणि म्हणाली, "मास्तर, मावशी इथे कशी होती हो?" मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि शेवटी म्हणाले, "वेळेवर यायची."

भाची हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. मास्तरांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलंच. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ही जन्माची खोड.

सुरुवात हातापासूनच करायला हवी होती.

कारखाना होता चामड्याच्या हातमोज्यांचा. खाली कातडं आणि कटिंग, वर शिलाई. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. खालच्या खोलीत कायम ओल्या कातड्याचा आणि मेणाचा वास. मास्तरांचं टेबल खिडकीपाशी, आणि त्या टेबलाच्या वर भिंतीत दोन खिळे. एका खिळ्यावर काचेच्या चौकटीत पुरुषांच्या मोज्यांचा जोड, दुसऱ्यावर बायकांच्या.

ही थोरल्या मालकांची पद्धत. ते म्हणायचे, "फीत खोटं बोलेल, हात बोलणार नाही." त्यामुळे नवा नमुना निघाला की तो मापाच्या फितीवर जोखायचा नाही, हातावर चढवून बघायचा. पुरुषांच्या मापाला एक हात ठरलेला, बायकांच्या मापाला एक. त्याला म्हणायचे नमुन्याचा हात. ज्याची निवड होईल त्याच्या हातावर पहिला जोड बेतायचा आणि तो खिळ्यावर टांगायचा. तो विकायचा नाही, घालायचाही नाही.

ती आली होती शिलाईवर. आधीची नमुन्याची बाई गाव सोडून गेली, तेव्हा थोरल्या मालकांनी शिलाईच्या सगळ्या बायकांना खाली बोलावलं आणि हात पुढे करायला लावले. साडेसहा नंबरचा मोजा ते एकेकीच्या हातावर चढवत गेले. कोणाची बोटं आखूड, कोणाचा पंजा रुंद. तिच्या हातावर मोजा असा बसला, जणू ते कातडं तिथेच उगवलं होतं. मालकांनी टेबलावर टाचणी टाकली. "उचला." मोजा घातलेल्या बोटांनी तिने टाचणी एका झटक्यात उचलली.

"संपलं," मालक म्हणाले. "मास्तर, पहिला जोड बेता."

त्या दिवसापासून तिचं नाव मागे पडलं. सगळे तिला साडेसहा म्हणू लागले. शिलाईच्या बायका चिडवायच्या, "अगं, साडेसहाला पिशवी उचलायला लावू नका, हाताला नजर लागेल!" ती पण काही कमी नव्हती. म्हणायची, "लागू दे. नजर लागायला आधी बघण्यासारखं काही असावं लागतं." पण त्या हाताला ती खरंच जपायची. भांडी रबरी मोजे घालून घासायची आणि ओझं डाव्या हाताने उचलायची.

तिचं काम बघण्यासारखं होतं. मास्तर कच्चा शिवलेला मोजा पुढे ठेवत. ती डोळे मिटायची, हात आत सरकवायची, मूठ करायची, उघडायची, टाचणी उचलायची. मग दोनच प्रकारचे निकाल. "बसला." किंवा, "अंगठ्यात एक धागा सोडा." सोडा म्हणजे पुठ्ठ्याचा साचा तेवढ्या जागी केसभर वाढवा. मास्तर वाढवत. वाद नाही. दिवसाकाठी त्यांच्यात बोलणं होई ते एवढंच, आणि मास्तरांना तेवढं पुरत असे.

अशी वर्षं गेली. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा गादीवर आला. "एक धागा सोडा" हळूहळू जास्त वेळा ऐकू यायला लागलं. मास्तरांनी त्याचा अर्थ लावला नाही. रोज बघणाऱ्याला रोप वाढलेलं दिसत नाही, तसंच काहीसं झालं असावं. आणि समोरच्या बाईकडे मान वर करून बघण्याचा मास्तरांचा स्वभावही नव्हता.

बदलत होतं ते पुष्कळ, पण हे सगळं मास्तरांना नंतर कळलं, तेही भाचीकडून. आईची अंगठी तिच्या बोटात अशी रुतली की सोनाराला ती कापावी लागली. बुटांचा नंबर दोनदा वाढला. आवाज जड झाला. फोनवर लोक "हो साहेब" म्हणायला लागले, तेव्हा ती "साहेब जेवायला गेलेत" असं सांगून मोकळी व्हायची. दातांत फटी पडल्या, रात्री बोटांना मुंग्या यायच्या, थंडीच्या दिवसांतही घामाने उशी भिजायची, गुडघे कुरकुरायचे, कपाळ ठणकायचं. ती डॉक्टरांकडे जात नव्हती असं नाही. पहिल्यांनी सांगितलं, काम कमी करा. दुसऱ्यांनी विचारलं, पाळी जायची वेळ आली का? आली असेल तर असं होतंच. तिसरे म्हणाले, वजन वाढलंय, मन रमवा. ती घरी येऊन भाचीला म्हणाली, "तिघांचं मिळून एकच मत आहे बघ. मी बाई आहे आणि माझं वय झालंय. दोन्ही मला आधीच माहीत होतं."

शिलाईवरच्या बायकांना बदल दिसत होता, पण त्यांनी त्याची थट्टाच केली. "साडेसहाला साडेसाती लागली गं," कोणीतरी म्हणालं, आणि जिन्यावर हशा पिकला. तीही हसली. मग मात्र ती मोजा घालून बघताना दिव्याकडे पाठ करून बसू लागली. हे मास्तरांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, डोळ्यांवर उजेड येत असेल.

मग मोजे परत यायला लागले.

पहिल्यांदा एका दुकानातून आले, नंतर बऱ्याच दुकानांतून. बायकांचे साडेसहा नंबर सैल होतात, बोटांची टोकं रिकामी लोंबतात, अशी तक्रार. धाकट्या मालकांनी आधी कातड्याला दोष दिला, कातडं बदललं. मग दोऱ्याला दिला, दोरा बदलला. मोजे येतच राहिले. शेवटी एका दुपारी ते खोकं घेऊन खाली आले आणि मास्तरांच्या टेबलावर पालथं केलं.

"मास्तर, हे मोजे आहेत की पोती?"

"बाईंच्या हातावर बसवूनच कापलेत, मालक."

"मग काय, गावातल्या सगळ्या बायकांचे हात एकदम बारीक झाले?"

मास्तरांनी एक मोजा उचलून उलटा केला आणि शिवण बघितली.

"वय झालं तुमचं. मी दोष देत नाही. पण डोळे दगा देतात, कात्री वाहवत जाते. पुढच्या महिन्यापासून नवा कटर बघतो. तुम्ही पॅकिंगला बसा. पगार तोच."

ज्या टेबलाशी सगळं आयुष्य गेलं, ते टेबल असं एका वाक्यात गेलं. मास्तरांच्या तोंडून एवढंच निघालं, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." आणि ते उगाचच कात्री पुसायला लागले. स्वच्छ कात्री.

ती जिन्यात उभी होती. हातात शिलाईचा गठ्ठा होता, तो तिने पायरीवर ठेवला आणि खाली आली.

"मालक, एक विचारू?"

"तुमचं काय आता?"

"पुरुषांचे मोजे परत आले का?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हटलं ना."

"कात्री तीच. कातडं तेच. मास्तर तेच, त्यांचा चष्माही तोच. मग बायकांच्याच मोज्यात पाणी मुरतंय कुठं?"

ती स्टूल ओढून त्यावर चढली. गुडघ्याची कळ तिच्या चेहऱ्यावर उमटून गेली. तिने खिळ्यावरची चौकट काढली, काच बाजूला सारली आणि स्वतःचा पहिला जोड बाहेर काढला. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तोवर शिलाईच्या बायका जिन्यात गोळा झाल्या होत्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," ती म्हणाली, आणि उजवा मोजा हातावर चढवायला लागली.

तो बोटांच्या पेरांवरच अडला. तिने ओढला. कातडं करकरलं, पण पुढे सरकलं नाही. तो चिमुकला मोजा त्या रुंद, जाडसर पंजावर असा दिसत होता, जणू मोठ्या माणसाने लहान मुलाची टोपी घातलीय. जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मास्तरांनी बरोबर कापलं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "मी घट्ट म्हटलं की त्यांनी सोडायचं, हीच इथली रीत. मला घट्ट होत होतं, म्हणून मी घट्ट म्हणत होते. माझा हात साडेसहाचा राहिला नाही. किती दिवस झाले कोण जाणे. मला शंका होती, पण..." तिने मोजा बोटांवरून सोडवला. "पण कोणाला आपली खुर्ची सोडवते? आता मास्तरांच्या टेबलावर आलं, म्हणून बोलले. नमुन्याला दुसरा हात शोधा."

एवढं बोलून ती स्टुलावरून उतरली, गठ्ठा उचलून वर गेली आणि मशीनवर बसली. मालक खोकं उचलून निघाले. दारात थांबून म्हणाले, "मास्तर, ते पॅकिंगचं राहू द्या."

मास्तरांनी रिकामी चौकट पुन्हा खिळ्यावर टांगली. आपल्यासाठी कोणी एवढं केलं, तर काय म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. रात्रभर त्यांनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिसताच, घाईने, शब्द विसरायच्या आत म्हणाले, "बाई, कातडं ताणलं तर वाढतं. हाड असं वाढत नाही हो. कोणाला तरी दाखवा."

"दाखवलंय की. तिघांना."

"हात दाखवलात. मोजा दाखवलात का?"

तिने पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही एवढं लांब बोलू शकता?"

मोठ्या दवाखान्यात ती भाचीबरोबर गेली. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. तिने त्यांच्या टेबलावर तो जोड ठेवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोणाचे हे? नातीचे?"

"माझे."

डॉक्टरबाईंनी मोज्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढून तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अंगठीचं विचारलं, बुटांचं विचारलं, घामाचं, दातांचं, डोकेदुखीचं. आजवर ज्याला त्याला वेगवेगळं सांगितलेलं सगळं त्यांनी एका दमात विचारलं. भाची सांगायची, मावशीने तेव्हा पहिल्यांदा पाठ टेकली.

रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले. आजार निघाला. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ होती. कर्करोगाची नव्हे, पण ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडत होती. त्याने हाडं रुंदावतात, जीभ, जबडा, हात-पाय वाढतात, आणि बाहेर दिसत नाही तिथेही बिघाड होतो. रक्तातली साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हृदयाची भिंत जाड होते. हजारो माणसांत एखाद्याला होणारा आजार.

"आधीच्या डॉक्टरांना कसं कळलं नाही?" भाची तडकली.

"त्यांनी हात एकेकदाच पाहिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठा झालेलाच पाहिला. आधीचा त्यांना कोणी दाखवला नाही, आणि त्यांनी विचारलाही नाही."

नाकातून ऑपरेशन करायचं ठरलं. मास्तर भेटायला गेले, फळं घेऊन गेले आणि ती हातातच धरून उभे राहिले. ती म्हणाली, "बघा मास्तर. जन्मभर नाकासमोर चालले. आता म्हणतात, नाकातूनच आत शिरणार."

तिथल्या बाकावर तिला एक टँकर ड्रायव्हर भेटला होता. आडदांड माणूस, हाताचे पंजे सुपाएवढे. त्याला तोच आजार, तीच गाठ, ऑपरेशनही त्याच आठवड्यात. दोघांची लगेच गट्टी जमली.

"ताई, तुमचं कसं सापडलं?" त्याने विचारलं होतं.

"मोजा अडकला. तुमचं?"

"माझं घोरण्यावरून. मी असा घोरायचो की शेजारी भिंत बडवायचे. बायकोने दवाखान्यात नेलं आणि म्हणाली, याला तरी ठेवून घ्या नाहीतर मला तरी. डॉक्टरांनी घसा बघायला तोंड उघडायला लावलं, जीभ बघितली आणि म्हणाले, चला, फोटो काढू."

"मी एकटी झोपते," ती म्हणाली. "घोरत असेन तर भिंतीलाच माहीत."

"माझे हात वाढले तेव्हा दोस्त म्हणाले, पैलवान झालास!"

"माझे वाढले तेव्हा म्हणाले, म्हातारी झालीस."

दोघं खूप हसली. मग तिने त्याला विचारलं, त्रास सुरू झाल्यापासून सापडेपर्यंत किती काळ गेला. तो म्हणाला, दोनेक वर्षं. तिने मनात आपला हिशेब केला आणि हसणं बंद केलं. तिची अंगठी कापली, त्याला दहा वर्षं होऊन गेली होती.

ऑपरेशन झालं. ड्रायव्हरची गाठ लहान होती, सगळी निघाली. तिची इतक्या वर्षांत पसरून मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. जेवढी निघाली तेवढी काढली, उरलेलीला आवर घालायला दर महिन्याला सुई. साखरेची गोळी मागे लागली ती लागलीच. हृदयाचं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. भिंत जाड झालीय, जपावं लागेल.

तेव्हा तिने डॉक्टरबाईंना विचारलं. मास्तर खोलीतच होते, कोपऱ्यात. तिने अगदी त्या दिवशी मालकांना विचारलं होतं त्याच पद्धतीने विचारलं.

"आजार तोच. गाठ तीच. ऑपरेशन करणारे हातही तेच. मग त्या ड्रायव्हरदादांचं आटोपलं आणि माझं हृदयापर्यंत गेलं, हे कसं?"

डॉक्टरबाईंनी उडवाउडवी केली नाही. त्या म्हणाल्या, "हे एकट्या तुमचं नाही. ठिकठिकाणी अभ्यास झालेत. हा आजार बायकांमध्ये सहसा उशिरा सापडतो. घोरण्यासारखा त्रास पुरुषांत जास्त दिसतो, तो लवकर नजरेत येतो. बायकांचा त्रास वयाच्या आणि पाळीच्या खात्यात जातो. सापडेपर्यंत साखर, रक्तदाब, हृदय यांचं नुकसान होऊन बसतं, आणि जिवाचा धोकाही बायकांना जास्त असल्याचं दिसतं. सगळं उशिरामुळेच, की बाईच्या शरीरात आणखी काही वेगळं घडतं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. पण आजार आटोक्यात आला की हा फरक बराच कमी होतो, एवढं दिसलंय."

"म्हणजे माप चुकलंय," ती म्हणाली. "पुरुषाच्या हातावर बेतून बायकांना घालताय."

डॉक्टरबाई हसल्या, पण पुरत्या नाही. "तो मोजा मला देता?" त्यांनी विचारलं. "शिकवायला."

"उजवा तुम्हाला. डावा खिळ्यावर परत जाईल. जोड मोडायचा नसतो, पण ठीक आहे, दोन घरी राहील."

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तिला विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं. ती मास्तरांना म्हणाली, "चला. माझी पिशवी धरायला माणूस हवं." मास्तरांचा जीव वर्गाच्या दारातच घाबरा झाला. पायऱ्यापायऱ्यांची ती बाकं, पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी. ते मागच्या बाकावर कडेला बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

तिने समोरच्या एका मुलीला बोलावलं आणि तो उजवा मोजा घालायला दिला. मुलीच्या हातावर तो छान बसला. तिने खिशातून टाचणी काढली. "उचल." मुलीने उचलली.

"हा माझा हात," ती म्हणाली.

वर्ग हसला. मग तिने आपला पंजा त्या मुलीच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला, आणि मागची पोरं माना उंच करून बघू लागली.

"तुमच्याकडे माझ्यासारखी बाई येईल," ती म्हणाली. "म्हणेल, अंग दुखतं, घाम येतो, झोप नाही. तुम्ही म्हणाल, वय झालंय. म्हणा, हरकत नाही, वय झालेलं असतंच. पण पुढे एक विचारा. बाई, अंगठी बसते का? बुटाचा नंबर तोच आहे का? जुना फोटो आहे का? तुम्ही विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. तिला वाटतं, डॉक्टरला काय अंगठीचं सांगायचं!"

एका मुलाने विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण नुसता राग घेऊन बाजारात गेलं तर कोणी घेत नाही बाबा. मोजा घेतात."

जन्मात कधी केलं नव्हतं ते मास्तरांनी केलं. शेजारच्या अनोळखी मुलाला कोपराने ढोसून म्हणाले, "आमच्याच कारखान्यातल्या आहेत. साडेसहा." मुलाला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. मास्तर तेवढ्याने सुद्धा भरून पावले.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या वर्गातल्या एका मुलीने दवाखान्यात आलेल्या एका शाळेतल्या शिपाईबाईला बुटाचा नंबर विचारला होता. वाढला होता. गाठ लहान असतानाच सापडली. साडेसहा त्या सकाळी जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आली, गुडघे विसरून. मास्तरांच्या टेबलावर थाप मारून म्हणाली, "एक बसली, मास्तर!" आणि पुन्हा वर गेली. मास्तर दिवसभर शीळ घालत होते म्हणे. शिलाईच्या बायका सांगतात. मास्तरांना स्वतःला आठवत नाही.

कारखान्यातही ती गप्प बसली नाही. औषधाने हाताची सूज ओसरली, हाडं मात्र होती तशीच राहिली. हात एका मापावर स्थिर झाला, असं वाटल्यावर ती मालकांकडे गेली.

"मोठ्या हाताच्या बायका मेल्यात का हो गावात?"

"का? आता काय झालं?"

"त्या काय घालतात?"

"पुरुषांचे घेतात."

"घेतात आणि बोटं लोंबकळत फिरतात. परत आलेल्या मोज्यांपैकी दोन दुकानांनी काही ठेवून घेतले होते, आठवतं? गिऱ्हाइकं अजून तसलेच मागतात. बायकांचा मोठा नंबर काढा. हात माझा घ्या." मग बोट वर करून म्हणाली, "पण माझ्या एकटीचा नको. आणखी चार बायांच्या हातावर चढवा. आणि फीतही लावा. हात खोटं बोलत नाही, पण बदलतो."

थोरल्या मालकांच्या वाक्याला कारखान्यात कोणी हात लावत नसे. तिने लावला, आणि ते तसंच राहिलं. आजही तिथे नमुना पाच हातांवर बघतात, आणि वर फीत लावतात. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचा, बाई असो की पुरुष, एक जोड बेतून ठेवतात आणि वर्षातून एकदा ज्याचा त्याने घालून बघायचा. त्या दिवशी वर-खाली नुसता गोंधळ असतो. ज्याचा मोजा घट्ट झाला त्याला लाडू कमी खा म्हणून चिडवतात, पण दवाखान्यातही धाडतात.

मोठ्या नंबरचा पहिला जोड मास्तरांनी स्वतः बेतला. तिसरा खिळा ठोकला. त्या जोडाकडे बघून ती म्हणाली, "बाईचा आहे असं वाटत नाही ना?" मास्तर म्हणाले, "तुमचा आहे असं वाटतं." त्यांच्या मते त्यांनी आयुष्यात बोललेलं हे सर्वांत बरं वाक्य. बरं होतं की नाही, देव जाणे. पण त्या दिवसापासून मोजा घालून बघताना ती पुन्हा दिव्याकडे तोंड करून बसू लागली.

बरीच वर्षं ती काम करत होती. महिन्याची सुई चुकवली नाही. जिना चढताना मध्ये थांबायची आणि खिडकीतून बाहेर बघतेय असं दाखवायची. टँकर ड्रायव्हर कधीमधी रस्त्याने जाताना कारखान्यासमोर जोरात भोंगा वाजवायचा, तेव्हा ती वरच्या खिडकीतून हात हलवायची. तो अजूनही वाजवतो. आता शिलाईच्या पोरी हात हलवतात.

ती गेली झोपेतच. हृदय थांबलं. भाचीने सकाळी फोन केला.

आदल्या संध्याकाळी बाकीचे निघून गेले होते. मास्तरांनी हिवाळ्याच्या मालाचा नमुना तिच्यापुढे ठेवला. तिने डोळे मिटले, हात सरकवला, मूठ केली, उघडली, टाचणी उचलली.

"अंगठा?" मास्तरांनी विचारलं.

"अंगठा बसला. करंगळीत जरा हवा राहतेय."

"उद्या बघतो."

"बघा. आणि जाताना ती खिडकी लावून घ्या. कातड्याला ओल लागते."

"लावतो," मास्तर म्हणाले.